उतारावरची कळलावी

पाऊस मागे हटला आणि उतारावरच्या झुडपांत कळलावी पिवळी पडायला लागली, की धाकटीचे हात शिवशिवायला लागत. फुलं असायची तोवर उताराकडे सगळ्यांचंच लक्ष जायचं. लाल-पिवळ्या, मागे उलटलेल्या पाकळ्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, झुडपांना कुणीतरी काडी लावलीय. पानांची टोकं दोऱ्यासारखी वळलेली, त्यांनी मिळेल ती फांदी धरून वेल वर चढायची. धाकटीला फुलांचं कौतुक नव्हतं. वेल सुकून आडवी झाली की तिचं काम सुरू व्हायचं. वेल जिथं जमिनीत शिरली तिथली माती पहारीनं सैल करायची, मग गुडघ्यांवर बसून खुरप्यानं उकरायची, आणि शेवटची वीतभर माती बोटांनीच काढायची. कंद वाकडा, नांगराच्या फाळासारखा दोन बाजूंना गेलेला. मोडला तर माल हलका धरतात. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं, आणि हात धुतल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचं नाही. पहिल्या वर्षी तिनं उघड्या हातांनी काम केलं होतं, तेव्हा तळव्यांची साल निघून आली होती.

अडलेल्या बाईच्या पोटावर हा कंद उगाळून लावला की कळा सुरू होतात, म्हणून जुन्या बायकांनी त्याला कळलावी म्हटलं. सासूचं म्हणणं वेगळं होतं. हे झाड घरात आलं की घरात भांडणं लागतात, कळ लावते म्हणून कळलावी. त्यामुळे धाकटीला कंद घरात आणायला बंदी होती, आणि आळीतल्या बायका गमतीनं तिलाच कळलावी म्हणायच्या. तिनं परसात पत्र्याखाली एक माचा बांधून घेतला होता. कंद धुवायचे, सुरीनं चकत्या करायच्या, माच्यावर पसरायच्या, आणि कोंबड्या-शेरडांनी तोंड लावू नये म्हणून वर जाळी टाकायची.

घर दोन भावांचं, पण चूल एक. थोरला वखारीत करवतीवर उभा राहायचा, धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, गवंडीकाम करायचा. दोघी जावा एक आठवडा हिनं, एक आठवडा तिनं असा स्वयंपाक करायच्या. सासू दोघींवर नजर ठेवायची आणि दोघींना सारखंच बोलायची, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

यंदा पावसाळ्यात थोरल्याच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. आधी त्यानं दुर्लक्ष केलं, मग जोड्याचं चामडं कापून जागा केली, मग अनवाणी जायला लागला. अंगठा वांग्यासारखा जांभळा आणि तुकतुकीत झाला. अंगावर ओढलेली चादर त्याला टेकली तरी थोरल्याचं तोंड वाकडं व्हायचं. करवतीपाशी दिवसभर उभं राहणं जमेना, तेव्हा वखारवाल्यानं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. थोरला ओसरीवरच्या खाटेवर पडून राहायला लागला. उभ्या जन्मात तो दिवसा आडवा झाला नव्हता. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पायावर फडकं टाकून उत्तरं द्यायचा.

अशात मुळ्यावाला माल बघायला आला. हा टेम्पो घेऊन रानोरान फिरून औषधी मुळ्या गोळा करायचा आणि औषधांच्या कारखान्याला द्यायचा. त्यानं एक चकती मोडून पाहिली, अजून ओल आहे म्हणाला, पुन्हा येतो म्हणाला. ओसरीवरून थोरल्यानं सहज विचारावं तसं विचारलं, की या कंदांचं तिकडे करतात तरी काय. मुळ्यावाल्यानं सांगितलं, सांधे आखडलेल्या, सुजलेल्या माणसांच्या गोळ्यांत यातलं सत्त्व जातं. धाकटी चकत्या उलटत होती, ती तिथूनच म्हणाली की ते तिकडे गाळून, तोलून घेतात. नुसतं खाल्लं तर माणूस उठत नाही. मुळ्यावाल्यानं मान हलवली. थोरल्यानं हूं केलं आणि भिंतीकडे कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उतारावर होती. खालून माणसांचे आवाज आले म्हणून तिनं पाहिलं, तर वखारवाला चुन्याचं डबडं घेऊन झाडांवर पांढरे पट्टे ओढत होता आणि काठीवर भार टाकून थोरला त्याला हद्द दाखवत होता. एक, दोन नव्हे, सगळा उतारच. धाकटी पहार हातात घेऊन तशीच खाली आली.

थोरल्यानं तिला समजावून सांगितलं. निदान सुरुवात तरी त्यानं समजावण्यानंच केली. झाडं दिली तर वखारवाला त्याला बसून करायचं काम देणार होता, फळ्या मोजायचं, टिपून ठेवायचं. दुसरा मार्ग नव्हता. उतार वडिलांचा, घरात थोरला तो. धाकटी म्हणाली की अर्धा उतार तिच्या नवऱ्याचा आहे. झाडं गेली की सावली गेली आणि सावली गेली की वेल गेली. निदान यंदाचे कंद निघेपर्यंत थांबा. थोरला म्हणाला, बायकांना विचारून झाडं तोडायची वेळ अजून आलेली नाही. वखारवाला हसला. आळीतल्या बायका पाण्याला निघाल्या होत्या, त्या हंडे घेऊन थांबल्या.

"नावाप्रमाणे निघाली बघा," थोरला त्यांच्याकडे बघून म्हणाला. "रान उकरता उकरता घरातच रुजली कळलावी."

बायका हसल्या. तेव्हा धाकटीचा तोल गेला. पुढे किती वेळा तिनं स्वतःची जीभ चावली असेल, पण शब्द निघून गेला होता.

"उताराला कुऱ्हाड लावून तर बघा," ती म्हणाली. "या घरात कुणाला सुखाचा घास लागू देणार नाही."

त्यानंतर कुणी हसलं नाही.

त्या आठवड्यात स्वयंपाकाची पाळी धाकटीची होती. राग असला तरी पाळी चुकवायची नाही, हे त्या घरात ठरलेलं. दुसऱ्या दिवशी तिनं भात केला आणि गोड कंदांचं कालवण. खायचे कंद निराळे, गुबगुबीत, आणि ते तिनं आदल्या दिवशी बाजारातून आणले होते. दुपारी सगळे एकाच पातेल्यातलं जेवले. थोरल्यानं दोन-चार घास घेतले, पाणी दोनदा मागितलं, आणि घसा धरलाय म्हणून ताट सरकवलं. तो आणि धाकटी एकमेकांशी बोलत नव्हती, त्यामुळे तिनं काही विचारलं नाही.

दुपार कलली तेव्हा तो खाटेवरून उठला आणि परसाकडे जाता जाताच ओकला. मग थांबेना. पोटातलं सगळं पडून गेलं तरी उमाळे येत राहिले. पाठोपाठ जुलाब. थोरली त्याला धरून नेत होती, धरून आणत होती. नंतर नेणं-आणणंही संपलं, लुगड्याचे तुकडे खाली घालायची वेळ आली. सासू म्हणाली, काहीतरी बाधलं. मीठ-साखरेचं पाणी करून ती चमच्यानं पाजू लागली, पण पाणी गिळताना थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"निखारा ठेवलाय घशात," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

धाकटी पुढे तसराळं धरून उभी होती. त्यानं तोंड उघडलं तेव्हा तिला त्याची जीभ दिसली, लालभडक, कडेनं सुजलेली, ओठ फुटल्यासारखे.  हे तिनं एकदा पाहिलं होतं. तिच्याबरोबर खणायला येणारी एक बाई मोज्याच्या हातानंच तोंड पुसून न धुता जेवायला बसली होती. तिचं थोडक्यात निभावलं होतं, पण ओठ असेच झाले होते.

धाकट्याला कामावरून बोलावणं गेलं होतं. तो अंगावरच्या सिमेंटसकट आला, भावाकडे बघून बाहेर आला, आणि टेम्पो कुणाचा मिळतोय ते बघायला निघाला. धाकटीनं त्याला पत्र्यामागे गाठलं.

"हे कळलावीचं आहे," ती म्हणाली.

त्यानं आधी मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं का ते. "कशावरून?"

"जीभ बघा त्यांची. घसा बघा."

"कालवणात..." तो म्हणाला, आणि थांबला.

"तेच कालवण तुम्ही खाल्लंत. मी खाल्लं. आईंनी खाल्लं."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. मग तो खाली बघून, पण एकेक शब्द दाबून बोलला. उलट्यांसाठी डॉक्टरीण औषध देईल, ते लागू पडेल. हे नाव तू काढू नकोस. काल काय बोललीस ते अख्ख्या आळीनं ऐकलंय. कुणी विचारलं नाही तर सांगायचं नाही, आणि विचारलं तरी माहीत नाही म्हणायचं.

तो गेला. धाकटीनं तसराळं धुतलं. त्यावर राख टाकून पुन्हा धुतलं. खरं सांगायचं तर ती काही वेळ गप्प राहिली, आणि गप्प राहणं सोपं होतं. माणूस आजारी पडतो, बरा होतो किंवा होत नाही. त्यात बाईनं बोललंच पाहिजे असं कुठं आहे? आत थोरला कोरडे उमाळे काढत होता. काहीच येत नसताना शरीर आपलं ओढत होतं, आणि दर वेळी थोरलीच्या तोंडून बारीक आवाज निघत होता. धाकटीनं हात पुसले. न चिरलेला एक कंद माच्याखालच्या टोपलीतून काढून फडक्यात बांधला, आणि आत जाऊन सासूसमोर म्हणाली, "यांच्या पोटात कळलावी गेलीय. कशी ते मला ठाऊक नाही. पण तीच आहे."

थोरलीचा वारा घालणारा हात थांबला. सासूनं तोंडाकडे नेलेला चमचा वाटीत ठेवला.

टेम्पोतून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण वयानं लहान होती, पण हाताला चपळ. तिनं नाडी पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या आणि काय खाल्लं म्हणून विचारलं. धाकटीनं फडकं सोडून कंद टेबलावर ठेवला. डॉक्टरिणीनं तो उचलला नाही, पेनानं उलटा करून पाहिला. मग परिचारिकेला सलाईन लावायला सांगितलं आणि फोन उचलून मोठ्या इस्पितळाची गाडी मागवली.

"किती गेलंय पोटात?"

"मी दिलेलं नाही," धाकटी म्हणाली.

"ते मी विचारलेलं नाही."

"ठाऊक नाही मला."

डॉक्टरिणीनं सांगितलं, की याला उतारा असा काही नाही. तिकडे मूत्रपिंडं, रक्त, सगळं बघत बसावं लागेल. येते दोन-तीन दिवस अवघड आहेत. त्यातून निघाले तर डोक्यावरचे केस जातील, घाबरायचं नाही, पुन्हा येतात. नाव कळलं हे बरं झालं, नाहीतर उलट्यांचं इंजेक्शन देऊन तिनं घरी पाठवलं असतं. हे ती चांगल्या मनानं म्हणाली. पण ते शब्द थोरलीच्या कानात दुसरेच होऊन शिरले.

"हिला बरोबर ठाऊक होतं," थोरली म्हणाली. ती रडत नव्हती. "आम्हाला कुणाला नाही, हिलाच ठाऊक."

गाडी थोरल्याला आणि थोरलीला घेऊन गेली. उरलेले चालत घरी आले. चुलीवर सकाळचं पातेलं तसंच होतं. धाकटी ते उतरवायला गेली तेव्हा सासूनं तिच्या हातातून फडकं काढून घेतलं. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली की आजपासून भांडी तेवढी घास.

त्यानंतरचे दिवस तसेच गेले. सासूनं पाण्याचा हंडा आपल्या खाटेशी नेऊन ठेवला. मीठ-तिखटाचे डबे तिच्या उशाशी गेले. धाकटी घरात शिरली की शेजारच्या बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि बाहेर पडली की पुन्हा सुरू व्हायच्या. कळलावी हे नाव आता कुणी हसून घेत नव्हतं. ती उतारावर गेली नाही. माच्यावरच्या चकत्यांना जाळीखाली बुरशी धरली.

मग हवालदार आला. मोठ्या इस्पितळानं कळवलं होतं. तो पोक्त, जरा कमी ऐकू येणारा माणूस होता. खाटेवर बसून त्यानं सगळ्यांना एकेक प्रश्न विचारला आणि उत्तर दोनदा म्हणून घेतलं. तुम्ही घासाबद्दल काही बोलला होतात का, असं त्यानं धाकटीला विचारलं. बोलले होते, ती म्हणाली. टोपली त्यानं पोत्यात घालून, तोंड शिवून नेली. जाताना धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाला, रुग्णाला अजून बोलवत नाही. त्याला बोलता आलं की जबाब घेऊ. सगळं त्याच्या जबाबावर आहे. तोवर बाईमाणसानं गाव सोडू नये.

सासू एकदा डबा घेऊन इस्पितळात गेली, त्या दिवशी स्वयंपाक धाकटीला करावा लागला. तिनं नुसता भात आणि डाळ केली. धाकटा हात धुऊन ताटावर बसला. भात कालवला. मग तो कालवतच राहिला. भाताचा गोळा केला, मोडला, पुन्हा केला. तिनं आपलं ताट वाढून घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला. मग त्यानं खायला सुरुवात केली. तिनं ते पाहिलं, आणि तिनं पाहिलंय हे त्यानं पाहिलं. दोघांनी जेवण संपवलं. ती भांडी घेऊन उठली तेव्हा तो म्हणाला की गरम होतं, म्हणून थांबलो. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं बस धरली. कुणाला विचारलं नाही.

इस्पितळात पुरुषांचा वॉर्ड लांबलचक होता, दोन्ही बाजूंना खाटा, मधे फिनेलचा वास. थोरली दाराशीच स्टुलावर बसली होती. ती इतक्या दिवसांत वाळली होती, गळ्याची हाडं वर आली होती. धाकटीला बघून ती उठून दारात आडवी उभी राहिली.

"आता काय द्यायचं राहिलंय?" तिनं विचारलं.

"बघायला आलेय, ताई. बघून जाते."

कदाचित ती आत सोडणार नव्हतीच. पण मागून परिचारिका औषधांची गाडी ढकलत आली, दोघींनाही बाजूला व्हावं लागलं, आणि धाकटी गाडीच्या मागोमाग आत शिरली.

थोरला शेवटून दुसऱ्या खाटेवर होता. पहिल्यांदा तिनं त्याला ओळखलं नाही. उशीवर केसांचे पुंजके पडले होते; डोक्याचा अर्धा भाग नुसती कातडी. मिशीचा एका बाजूचा कोपरा गेला होता. तिला बघून त्यानं डोळे मिटले. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं बसमध्ये ठरवलं होतं. सगळं ठरवलं होतं. मी तुमच्या ताटात काही घातलं नाही, हे त्याच्या तोंडावर म्हणायचं, आणि त्याला तिच्याकडे बघायला लावायचं.

मग तिची नजर त्याच्या पायांवर गेली.

पायांवर दुमडलेली घोंगडी टाकलेली होती. जाड, इस्पितळाची. तिचा सगळा भार उजव्या पायाच्या चवड्यावर होता, आणि तो पाय तिथं निवांत पडला होता. तिनं घोंगडी उचलली. अंगठा उतरला होता. जांभळा रंग गेलेला, वरची कातडी सुरकुतून सैल पडलेली, रिकाम्या पिशवीसारखी.

ती बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिली. परसातला माचा, मुळ्यावाला, भिंतीकडे वळलेली पाठ, दुपारच्या जेवणाला मागितलेलं पाणी, सगळं एकापाठोपाठ एक जागेवर बसत गेलं.

"दादा," ती म्हणाली. "किती घेतलंत?"

त्यानं डोळे उघडले नाहीत. पण घोंगडीवरचा हात थोडा उचलला आणि अंगठ्यानं बोटाचं एक पेर दाखवलं. मग दोन.

"कधी?"

"सकाळी. कुटून. पाण्याबरोबर." आवाज खरवडल्यासारखा होता.

"मी सांगितलं होतं ना तेव्हा, नुसतं खायचं नाही म्हणून."

"थोडंच घेतलं होतं."

"मला विचारायचं होतंत."

आता त्यानं डोळे उघडले. "कसं विचारणार होतो?" तो म्हणाला. "आदल्या दिवशी तुला आळीसमोर ते बोललो. आणि सकाळी उठून तुझ्याच दारात पाय पुढे करू?"

तिला राग यायला हवा होता. तो आला, पण त्याच्याबरोबर दुसरंही काही आलं. थोरल्यानं मान उचलून दाराकडे पाहिलं आणि घाईघाईनं बोलू लागला. हवालदार आज येणार होता. तू रागावू नकोस, तुझं नाव मी घेणार नाही. मी सांगतो की चूक झाली. खायच्या कंदांत एखादा तुझा कंद चुकून मिसळला. कुणाचाच हेतू नव्हता, प्रकरण मिटतं. नाहीतर सगळे हसतील. वखारवाला मला कामावर घेईल का? घरातल्या घरात चोरून विष खाणारा माणूस, त्याच्या हातात कोण काम देईल?

"चुकून मिसळला म्हणजे मी मिसळला," धाकटी म्हणाली.

"चुकून म्हणतोय मी."

"माझ्या हातचं तुमचा भाऊ खात नाही, दादा. आईंनी पाण्याचा हंडा उशाशी नेऊन ठेवलाय. चुकून म्हणालात तर जन्मभर तसंच राहील." तिनं घोंगडी पुन्हा त्याच्या पायांवर नीट घातली. "मी तुमच्याबद्दल काही सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगा. पण चूक झाली असं म्हणालात, तर मी इथंच नाही म्हणणार."

तेवढ्यात हवालदार आलाच. त्यानं स्टूल ओढलं, कागद मांडीवर घेतला, आणि धाकटीला बघून भुवई चढवली. ती खाटेपासून दोन पावलं मागे सरली, पण गेली नाही. थोरली तिच्या पलीकडे येऊन उभी राहिली. हवालदारानं विचारलं की कंद पोटात कसा गेला.

थोरला छताकडे बघत होता.  शेजारच्या खाटेवरचा म्हातारा चहा पिता पिता थांबला.

"चूक..." थोरला म्हणाला.

धाकटी एक पाऊल पुढे आली.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "मी घेतला."

हवालदारानं कानामागे हात नेला. मोठ्यानं बोला, म्हणाला, तुमचा आवाज बसलाय.

"मी स्वतः घेतला. पायाच्या दुखण्यासाठी. हिच्या टोपलीतून, न विचारता."

हवालदार लिहिता लिहिता पुन्हा थांबला. "कुणाच्या टोपलीतून?"

"धाकट्या भावजयीच्या!" थोरला ओरडला, आणि त्या फाटक्या आवाजानं सगळा वॉर्ड वळून बघू लागला. "तिनं काही केलं नाही. चोरून खाल्लं मी."

मग तो खोकत सुटला. परिचारिका धावली, तिनं हवालदाराला दटावलं, पाणी पाजलं. हवालदार कागद घडी करत म्हणाला की एवढंच हवं होतं, पहिल्याच दिवशी कळतं तर त्याचे हेलपाटे वाचले असते. थोरली खाली जमिनीवर बसली होती. नवऱ्याच्या उशीवरचे केस ती एकेक करून वेचत होती आणि मुठीत धरत होती.

धाकटी निघाली तेव्हा थोरली जिन्यापर्यंत मागोमाग आली. वरच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "मला खरंच वाटलं होतं गं."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली, आणि जिना उतरली.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. हवालदार मोटारसायकलवरून येऊन शिवलेलं पोतं परत देऊन गेला होता. सासूनं पाण्याचा हंडा पुन्हा मोरीशी आणून ठेवला. संध्याकाळी ती म्हणाली, भात तू कर आज, मला ओणवं होववत नाही. एवढ्यानं सगळं सरळ होईल असं तिला वाटलं असावं. बाकीच्यांनाही वाटलं असावं.

धाकटी म्हणाली की ती स्वयंपाक करील, पण या चुलीवर नाही.

सासूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं डोक्याला हात लावला. नवरा मेला तेव्हा फुटलं नाही ते घर आता फोडतेस का, लोक काय म्हणतील, थोरला इस्पितळातून घरी यायचाय. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. तिनं आवाज चढवला नाही. चूल वेगळी आणि उतारही वेगळा, म्हणाली. वरचा भाग दादांचा, त्यांनी तोडावा नाहीतर ठेवावा. ओढ्याकडचा भाग आपला, तिथल्या झाडांवरचा चुना मी उद्या घासून काढणार आहे.

धाकटा दारात उभा होता. "हे मला विचारून ठरवलंस का?" तो म्हणाला.

"नाही."

"आणि मी कुठं जेवायचं?"

"ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "तुमची आई इथं आहे. इथं तुम्हाला घास गिळायला अडचण नाही."

त्याचा चेहरा पांढरा पडला. सासूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि काय ते समजली. पुढे काही बोलायच्या आधी धाकटी परसात निघूनही गेली होती.

पत्र्याखालचा माचा तिनं उचलून कुंपणाशी लावला. बुरशी आलेल्या चकत्या खड्ड्यात पुरल्या, वर दगड ठेवला, हात कोपरापर्यंत तीनदा धुतले. मग ओढ्यातून दगड आणले. तीन दगड मांडायला वेळ तो कितीसा. पण ओढ्याचे दगड गोल, गुळगुळीत, एक बसवला की दुसरा सरकायचा. तिनं काटक्या मोडल्या, पातेलं ठेवून पाहिलं. पातेलं कललं. पुन्हा मांडले. पुन्हा कललं. उजेड कमी होत चालला होता. ती त्या दगडांवरच चिडली होती.

मागून पावलं आली. धाकटा तिच्याशेजारी उकिडवा बसला. तिनं वळून पाहिलं नाही. त्यानंही तिच्याकडे पाहिलं नाही. काही वेळ तो नुसता दगडांकडे बघत राहिला, कामावर भिंत बघावी तसा. मग त्यानं पातेलं उचलून बाजूला ठेवलं, डुगडुगणारा दगड काढला, थापीनं खालची माती उकरून खळगी केली, दगड उलटा करून तिच्यात बसवला आणि भोवती ओली माती दाबली. दुसरा तसाच. तिसरा बसवताना त्याचा हात थांबला.

"त्या दिवशी भात गरम नव्हता," तो म्हणाला.

 त्यानं तिसरा दगड बसवला आणि त्यावर दोन्ही तळहातांनी भार टाकून पाहिला. हलला नाही. धाकटीनं पातेल्यात पाणी ओतलं, तांदूळ मोजून घेताना एका मुठीवर थांबली, मग आणखी दोन मुठी घातल्या, आणि काडी ओढली.